सिंधुदुर्गात कला महोत्सव आखताय? या चुका टाळा

त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास सिंधुदुर्गातल्या दशावतारी कंपन्यांचे, म्हणजे जत्रांत रात्रभर पौराणिक नाटकं करणाऱ्या मंडळींचे, पेटारे घराबाहेर पडतात, ते पुढे वैशाखापर्यंत फिरतच असतात. आज या देवळात, उद्या पलीकडच्या गावात. आणि नेमके याच दिवसांत, पर्यटक आहेत म्हणून, आपण महोत्सव ठेवतो.

अशा एका बैठकीला मी होतो. मांडव ठरला, पाहुणे ठरले, निमंत्रणपत्रिकेचा रंगसुद्धा ठरला. मग कुणाला तरी कंपनीच्या मालकांना फोन लावायची आठवण झाली. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "भाऊ, त्या रात्री आमची जत्रा आसा. देवाक नाय कसा सांगतलव?" शेवटी इकडून दोघे, तिकडून तिघे असं पथक जमवलं. पखवाज एका गावचा, पेटी दुसऱ्या गावची. व्हायचं तेच झालं.

तारीख आधी आणि कलावंत नंतर, ही आपल्याकडची सगळ्यात जुनी चूक. जत्रा तिथीवर चालतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते; गेल्या वर्षीचं वेळापत्रक यंदा कामाचं नाही. पण कोणत्या गावी कधी खेळ, हे कंपनीच्या मालकाच्या डायरीत असतं. श्रावणात, पाऊस असताना, चार-पाच मालकांकडे जाऊन बसा आणि त्या डायऱ्यांवरून जिल्ह्याचा एकच तक्ता करा. मोकळ्या रात्री आपोआप दिसतील. याहून चांगलं म्हणजे आपला कार्यक्रम पावसाळ्यातच ठेवा. तेव्हा जत्रा नसतात आणि भाताची लावणी आटोपली की नटांना कामाची गरज असते. छप्पर हवं तर मालवणात मामा वरेरकर नाट्यगृह आहे.

दुसरी चूक मला जास्त टोचते. "तुम्हाला चाळीस मिनिटं आहेत." दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं ते ठरतं, कोण कोणती भूमिका करणार ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर जन्मतो. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच आणखी काही. राजा त्यावर पाय ठेवून बोलू लागला की समोरचा राक्षस त्याला शब्दात पकडतो, आणि ही जुगलबंदी तापायलाच अर्धा तास जातो. चाळीस मिनिटांत पूर्वरंग, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, उडतो, त्यातल्या संकासुर राक्षसाची गंमत उडते. उरतात पोशाख आणि मागच्या एलईडी पडद्यावरचा धबधबा. प्रेक्षक फोटो काढतो आणि म्हणतो, छान होतं.

त्याऐवजी प्रेक्षकाला देवळात न्या. मध्यरात्री सुरू होऊन पहाटे दहीकाल्याला संपणारा खेळ त्याच्या जागी बघू दे. इथे सहकार्य म्हणजे भाषण नव्हे, फुटकळ कामांची वाटणी: देवस्थान कमिटीची परवानगी, हॉटेलवाल्यांची रात्रीची गाडी, ग्रामपंचायतीकडून स्वच्छतागृह आणि पार्किंग, आणि गाभाऱ्यापुढे कुठे उभं राहू नये हे पाहुण्यांना सांगणारा गावातलाच एक पोरगा. मंचाच्या खर्चापेक्षा हे स्वस्त पडतं.

पैशाचं थोडक्यात. जिल्हा नियोजनाचा निधी आर्थिक वर्षाला बांधलेला, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये "खर्च दाखवायचा आहे" अशी धावपळ होते. तोवर शिमगा दारात असतो. प्रस्ताव आदल्या पावसाळ्यात द्या, त्यात नटांची नाईट, म्हणजे एका रात्रीचं मानधन, वेगळी लिहा, आणि बिल उशिरा निघणार असेल तर मालकाला ते आधी सांगा. नटाला त्याच रात्री पैसे द्यायची सवय मालकाला असते; तुमची फाइल अडकली की तो स्वतःच्या खिशातून भरतो आणि पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

इमारतीचा मोहही आवरा. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं ते स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात. पद्मश्री मिळाली २०२१ साली, गोठा त्याच्या कितीतरी आधीचा. अशा ठिकाणापासून काही मैलांवर नवं कलादालन बांधून त्याला टाळं लावण्यापेक्षा चित्रकथीच्या त्या जुन्या चित्रांच्या पोथ्यांना कोकणातल्या दमट हवेपासून वाचवायला कपाटं द्या, आणि शाळांच्या सहली तिकडे वळवा.

आता सावंतवाडी. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं की हार-तुरे होतात आणि विषय संपतो. पण नाव नोंदलं म्हणजे काम झालं असं नाही. ते नाव मालावर लावायचं तर प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि मानांकन दर दहा वर्षांनी नव्याने करून घ्यावं लागतं. कारागिराला अर्ज भरून देणारा माणूस नेमलात का, हा पहिला प्रश्न विचारा.

दुसरा प्रश्न लाकडाचा. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं आणि खेळणी पूर्वापार पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. हे झाड खेळण्यांसाठी म्हणून कोणी लावत नाही तोवर कितीही प्रशिक्षण शिबिरं घ्या, कारागीर शेवटी मिळेल त्या लाकडाकडे वळणार. म्हणजे कलेच्या बैठकीत वनखात्याचा माणूस आणि दोन-चार बागायतदार हवेत, आणि त्यांना कुणी बोलावत नाही. खरं तर मिरीचे वेल चढवायला बागेत पांगारा पूर्वीपासून लावतातच. फांदी तोडून जूनच्या पहिल्या पावसात रोवली की ती धरते. पुढच्या बैठकीची तारीख मे महिन्यातली ठेवा, म्हणजे फांद्या कुणाच्या बागेतून आणायच्या ते त्याच दिवशी ठरेल.