ग्रामीण भागातले संथ ब्रॉडबँड : अडथळा शोधण्याची आणि वेग वाढवण्याची रीत

इंटरनेट संथ चालू लागले की बहुतेक जण आधी महागडा प्लॅन घेतात, मग राउटर बदलतात आणि शेवटी कंपनीच बदलतात. तरीही व्हिडिओ कॉल अडखळायचा तो अडखळतोच, कारण वेग नेमका कुठे अडतो आहे हे या साऱ्या खटाटोपात कोणी पाहिलेलेच नसते. अडथळा तीन ठिकाणी असू शकतो : घरातल्या वायफायमध्ये, घरापासून टेलिफोन एक्स्चेंज किंवा टॉवरपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात, किंवा त्याच्याही पलीकडे कंपनीच्या जाळ्यात. या तिन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. विरळ वस्तीत पर्याय मुळातच मोजके असतात, त्यामुळे चुकीच्या जागी खर्च झाला तर तो भरून निघणे कठीण असते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी मोजमाप करावे, असा माझा आग्रह आहे.

आधी मोजमाप

लॅपटॉप राउटरला लॅन केबलने थेट जोडावा, त्याचे वायफाय बंद करावे, घरातली बाकीची उपकरणे नेटवर्कवरून काढावीत आणि मग वेग मोजावा. त्यानंतर त्याच जागी वायफायवर आणि मग ज्या खोलीतून तक्रार येते त्या खोलीत मोजावा. हीच चाचणी पहाटे, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, असे काही दिवस करून डाउनलोड, अपलोड आणि पिंग (छोटा संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) हे तिन्ही आकडे वेळेसह वहीत लिहून ठेवावेत. केबलवर चांगला आणि वायफायवर वाईट वेग मिळत असेल तर दोष घरात आहे. केबलवर सगळ्याच वेळी वेग कमी असेल तर दोष लाइनमध्ये किंवा सिग्नलमध्ये आहे. पहाटे उत्तम आणि रात्री रडतखडत अशी स्थिती असेल तर कंपनीने एकाच क्षमतेवर फार ग्राहक बसवले आहेत, आणि अशा वेळी तुम्ही छतावर कितीही मोठी अँटेना लावली तरी फारसा फरक पडणार नाही.

आकडे वाचताना एककाकडे लक्ष असावे. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइल उतरवताना संगणक बहुधा मेगाबाइटमध्ये दाखवतो. ८ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिटच्या) जोडणीवर सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट उतरले तर ते योग्यच आहे. केबलवरची चाचणी दर वेळी ९४-९५ एमबीपीएसवर येऊन थांबत असेल तर इंटरनेटला दोष देण्याआधी केबल आणि पोर्ट तपासावेत, कारण १०० एमबीपीएसच्या जुन्या पोर्टचा किंवा आतल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेल्या केबलचा आकडा हाच असतो.

गरज किती आहे हेही स्वतःला विचारावे. चांगल्या प्रतीच्या एचडी व्हिडिओला सुमारे ५ एमबीपीएस लागतात, फोरकेला १५ ते २५, आणि व्हिडिओ कॉलला १ ते ३. मात्र कॉलला ते दोन्ही दिशांनी लागतात. ग्रामीण जोडण्यांत अपलोडच बहुधा तोकडे असते आणि ऑनलाइन वर्ग किंवा डॉक्टरांशी बोलणे तिथेच तुटते. दिवसभर स्थिर राहणारे १० एमबीपीएस हे क्षणात ६० आणि क्षणात २ होणाऱ्या जोडणीपेक्षा कितीतरी कामाचे असतात.

एक चाचणी मात्र फार थोडे लोक करतात. संगणकावर पिंग चालू ठेवून त्याच वेळी एखादी मोठी फाइल अपलोड करावी. एरवी ३० मिलिसेकंद असणारा पिंग त्या वेळी ५०० च्या वर गेला, तर राउटरच्या किंवा मोडेमच्या रांगेत डेटा तुंबतो आहे असे समजावे. घरातल्या एकाच्या फोनने फोटो वर चढवायला सुरुवात केली की दुसऱ्याचा कॉल तुटतो, तो यामुळेच. काही राउटरांत यासाठी एसक्यूएम नावाची सोय असते. तिथे वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवली की रांग राउटरच्या ताब्यात येते आणि पिंग आटोक्यात राहतो. थोडा वेग सोडून द्यावा लागतो, पण संथ लाइनवर इतका मोठा फरक इतक्या कमी खर्चात दुसऱ्या कशानेही पडत नाही.

घरातला अडथळा

राउटर कोपऱ्यात, कपाटात किंवा लोखंडी पत्र्यामागे असेल तर आधी तो घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी आणावा. जाड दगडी, मातीच्या किंवा सिमेंट-सळईच्या भिंती ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल लवकर शोषतात, २.४ गिगाहर्ट्झ जास्त आत शिरतो पण त्याचा वेग कमी असतो आणि त्यावर १, ६ किंवा ११ यांपैकीच एखादे चॅनल ठेवावे. स्वस्त रिपीटर तोच रेडिओ घेण्यासाठी आणि देण्यासाठी वापरत असल्याने वेग जवळपास निम्मा करून टाकतो. त्यापेक्षा लॅन केबल टाकून दुसऱ्या टोकाला अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारे दुसरे उपकरण) लावणे केव्हाही चांगले. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. मात्र दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर तांब्याऐवजी फायबर टाकावे, कारण जवळपास वीज पडली की तांब्याच्या तारेतून दोन्हीकडची उपकरणे जळू शकतात.

तांब्याची टेलिफोन लाइन

ज्यांची जोडणी अजून टेलिफोनच्या तारेवर आहे त्यांनी अंतराचे गणित समजून घ्यावे. तांब्यात सिग्नल अंतराबरोबर क्षीण होतो आणि फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका लवकर क्षीण होतो. एडीएसएल२+ आणि व्हीडीएसएल या टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देण्याच्या दोन पद्धती. एडीएसएल२+ ची कागदोपत्री मर्यादा २४ एमबीपीएस आहे, पण ती एक्स्चेंजच्या जवळच मिळते. तारेची लांबी ५ किलोमीटरच्या आसपास गेली की एक-दोन एमबीपीएसच उरतात. व्हीडीएसएल त्याहून वेगवान असले तरी दीड किलोमीटरनंतर त्याचा फायदा जवळपास संपतो. आणि हे अंतर सरळ रेषेतले नसून तार ज्या वळणांनी येते त्या वळणांचे असते.

तरीही मोडेमचे स्टेटस पान उघडून अॅटेन्यूएशन (वाटेत सिग्नल किती क्षीण झाला) आणि नॉइज मार्जिन (गोंगाटापेक्षा सिग्नल गरजेहून किती वर आहे) हे दोन आकडे पाहावेत. अॅटेन्यूएशन अंतर सांगते आणि त्यावर आपला इलाज नाही. नॉइज मार्जिन ६ डेसिबलच्या आसपास स्थिर असेल तर लाइन आपल्या परीने ठीक आहे. तो सतत वरखाली होत असेल आणि चुकांचा आकडा वाढत असेल तर गोंगाट कुठून येतो ते शोधावे. मोडेम घरात शिरणाऱ्या पहिल्याच सॉकेटला, आतले सगळे फाटे काढून, जोडावा आणि आकडे पुन्हा पाहावेत. विद्युत कुंपण, पाण्याची मोटर किंवा बिघडलेला अॅडॉप्टर चालू होताच चुका वाढत असतील तर कारण हाती लागले. पावसानंतर लाइन बिघडत असेल आणि फोनवर खरखर ऐकू येत असेल तर बाहेरच्या एखाद्या जोडात पाणी शिरते आहे. ती तक्रार ‘नेट स्लो आहे’ अशी न करता ‘फोनवर खरखर आहे’ अशी करावी, कारण हा दोष तारेचा आहे आणि तो तसाच नोंदवला गेला पाहिजे.

मोबाइल नेटवर्क आणि बाहेरची अँटेना

जिथे तार संपते तिथे ४जी किंवा ५जी राउटर हा बहुधा सर्वांत लवकर हाती येणारा पर्याय असतो, आणि मेहनतीचे फळही इथेच सर्वाधिक मिळते. फोनवरच्या दांड्या विसरून राउटरच्या पानावरचे दोन आकडे पाहावेत : आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद आणि एसआयएनआर म्हणजे त्याची स्वच्छता. आरएसआरपी डीबीएममध्ये मोजतात आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका चांगला : −८० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम, −१०० ला कामचलाऊ आणि −११० च्या खाली गेला तर वाईट. एसआयएनआर २० च्या वर असेल तर सुरेख, शून्याजवळ असेल तर वेगाची आशा सोडावी. दोन्हींमध्ये निवड करायची वेळ आली तर मी एसआयएनआरच्या बाजूने उभा राहीन, कारण दणदणीत पण गढूळ सिग्नलपेक्षा कमजोर पण स्वच्छ सिग्नल अधिक डेटा वाहून नेतो.

पहिला प्रयोग फुकटचा आहे. राउटर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत, मग वरच्या मजल्यावर, मग गच्चीवर नेऊन आकडे लिहावेत. गच्चीवर मोठी सुधारणा दिसली तरच बाहेरच्या अँटेनाचा विचार करावा. दुसऱ्या कंपन्यांची सिम कार्डेही याच पद्धतीने तपासावीत. सर्वांत जवळचा टॉवर सर्वांत चांगला असतोच असे नाही : तो टेकडीमागे असेल किंवा त्याच्यावर गर्दी असेल तर दूरचा पण स्पष्ट दिसणारा टॉवर सरस ठरतो. बँडचे, म्हणजे टॉवर ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो तिचेही तसेच आहे. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि झाडीतून, भिंतीतून शिरतात, पण त्यांची क्षमता कमी असते. १८०० किंवा २६०० मेगाहर्ट्झला पल्ला कमी पण क्षमता जास्त असते. राउटरमध्ये बँड निवडण्याची सोय असेल तर प्रत्येक बँडवर रात्रीच्या गर्दीत वेग मोजून मगच एक ठरवावा.

दिशादर्शी अँटेना बसवायला दोन माणसे हवीत. एकाने छतावर खांब धरून अँटेना दहा-दहा अंशांनी फिरवावी, प्रत्येक ठिकाणी एक-दोन मिनिटे थांबावे, आणि दुसऱ्याने खाली राउटरच्या पानावरचे आकडे मोठ्याने सांगत लिहावेत. घाईने फिरवत राहिल्यास राउटर मागचाच आकडा दाखवत राहतो आणि चांगली दिशा निसटते. ४जीला दोन वाहिन्या लागतात, म्हणून दोन केबलांची मिमो अँटेना घ्यावी आणि दोन्ही केबली जोडाव्यात. केबलची लांबी हा इथला छुपा चोर आहे : ३ डेसिबल गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली, आणि पातळ केबल १० मीटर लांब असेल तर अँटेनाने कमावलेले बरेचसे वाटेतच संपते. म्हणून मला अँटेनासकट बाहेर बसवता येणारा राउटर जास्त पसंत आहे. त्याला वीज आणि डेटा एकाच लॅन केबलमधून मिळतात आणि १०० मीटरपर्यंत वेग कमी होत नाही. खांबाला अर्थिंग द्यायला विसरू नये. सिग्नल बूस्टरपासून मात्र दूर राहावे : ते सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतात, शेजाऱ्यांचे नेटवर्क बिघडवतात आणि अनेक देशांत परवानगीशिवाय वापरणे बेकायदेशीर आहे.

स्थिर वायरलेस आणि उपग्रह

जवळच्या उंच ठिकाणावरून कोणी छतावरच्या डिशमार्फत इंटरनेट देत असेल तर ती जोडणी मोबाइलपेक्षा स्थिर असू शकते. अट एकच : दोन्ही टोके एकमेकांना दिसली पाहिजेत. नुसते दिसणेही पुरत नाही, कारण लहरींना रेषेभोवती जागा लागते. ५ किलोमीटर अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झच्या जोडणीसाठी मध्यभागी या जागेची त्रिज्या सुमारे ८ मीटर असते आणि तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे जवळपास ५ मीटर, मोकळा असावा. पानगळीत जोडणी घेतली आणि पालवी फुटल्यावर ती बिघडली, हे यामुळेच घडते. पाहणी झाडे भरलेली असताना करून घ्यावी.

उपग्रहाच्या बाबतीत कक्षेची उंची पहिल्यांदा विचारावी. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येतो आणि उत्तरही तसेच परत येते, त्यामुळे प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद जातो आणि कोणताही प्लॅन तो कमी करू शकत नाही. व्हिडिओ पाहायला तो चालतो, बोलायला त्रास देतो. स्टारलिंकसारखे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरत असल्याने त्यांचा पिंग बहुधा २५ ते ६० मिलिसेकंदांत राहतो, मात्र ते सतत सरकत असल्याने डिशला आकाशाचा मोठा मोकळा तुकडा लागतो. एकच झाड आडवे आले तरी ठरावीक वेळाने जोडणी तुटते. मुसळधार पावसात दोन्ही प्रकार मंदावतात.

फायबर, आणि ते येत नसेल तर

फायबर मिळत असेल तर बाकी काही पाहू नये. जीपीओएन या फायबर अनेक घरांत वाटून देण्याच्या पद्धतीत एक धागा २० किलोमीटरपर्यंत जातो आणि २.५ जीबीपीएसची क्षमता अनेक घरांत वाटली जाते. वेग अचानक पडला तर घरातल्या ओएनटीच्या (फायबरच्या टोकाला बसवलेल्या डब्याच्या) पानावर येणारा प्रकाश पाहावा. तो −२७ डीबीएमकडे झुकला असेल तर कुठेतरी धागा वाकला आहे किंवा जोड खराब झाला आहे, आणि तोच आकडा तक्रारीत लिहावा.

कंपनी यायला तयार नसेल तर गावाने एकत्र येण्याचा मार्ग आहे आणि तो स्वप्नरंजन नाही. इंग्लंडच्या लँकशायरमध्ये २०११ साली सुरू झालेल्या बी४आरएन या सामुदायिक संस्थेने शेतमालकांकडून जमिनीतून जाण्याचा हक्क विनामूल्य मिळवला, गावकऱ्यांनी स्वतः चर खणले आणि घरोघरी १ जीबीपीएसचे फायबर पोचवले. कातालोनियातले गिफीनेट २००४ पासून वायरलेस दुव्यांनी असेच वाढले. यासाठी आधी इच्छुक घरांची यादी, मग नकाशा, मग जवळच्या फायबरच्या टोकापर्यंतचे अंतर अशा क्रमाने काम करावे. घरांच्या सह्यांसह गेलेला प्रस्ताव कंपनी आणि शासन दोघेही वेगळ्या नजरेने वाचतात.

दोन कमजोर जोडण्या एकत्र वापरायच्या असतील तर राउटर त्या कशा जोडतो ते विचारावे. साधा ड्युअल-वॅन (दोन जोडण्या घेणारा) राउटर वेगवेगळी कामे वेगवेगळ्या लाइनवर पाठवतो आणि एक बंद पडली की दुसरी लावतो, पण एकच डाउनलोड त्यामुळे वेगवान होत नाही; त्यासाठी दूरच्या सर्व्हरमार्फत चालणारे बाँडिंग लागते. नवी जोडणी घेताना किमान वेग, महिन्याची डेटा मर्यादा आणि ती संपल्यावरचा वेग लेखी घ्यावा, आणि तिची रात्री नऊची मोजणी काही दिवस समाधानकारक येईपर्यंत जुनी जोडणी बंद करू नये.