दुसरा ऑसिलेटर ‘थोडासा’ हलवायचा म्हणजे किती?

सिंथवर, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या कीबोर्डवर, भरदार आवाज हवा असला की जो तो सांगतो, ‘दोन्ही ऑसिलेटर लाव, एक थोडासा डीट्यून कर.’ ऑसिलेटर म्हणजे मूळ सूर काढणारा भाग, डीट्यून म्हणजे त्याचा सूर किंचित सरकवणं. पण थोडासा म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही.

आधी कोरस-रिव्हर्ब (आवाज दाट आणि घुमता करणारे इफेक्ट) बंद करा, फिल्टर (वरचे सूर कापणारा भाग) पूर्ण उघडा.

दोन्हीकडे सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर) लावा. तिच्यात सगळे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे वरचे सूर, असतात. स्क्वेअर वेव्हमध्ये फक्त विषम, म्हणून ती पोकळ वाजते. साइन वेव्हमध्ये नुसता मूळ सूर असतो; तिच्यावर फिल्टर फिरवत बसू नका, तिथे कापायला काही नसतंच.

आता डीट्यून. आधी दोन्ही अगदी एका सुरात आणा, मग दुसरा हळूहळू वर न्या. ‘वाँऽ वाँऽ’ अशी लाट ऐकू येईल. पेटीतले दोन रीड नीट जुळलेले नसले की येते तीच. एक 440 हर्ट्झवर (सेकंदाला 440 कंपनं) आणि दुसरा 442 वर असेल, तर सेकंदाला दोन लाटा. डीट्यूनच्या आकड्याकडे बघू नका, लाटा मोजा.

कारण आकडा फसवतो. हा आकडा सेंटमध्ये असतो; सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या (काळ्याही धरून) अंतराचा शंभरावा भाग. 7 सेंट डीट्यून केलं, तर 440 ला सेकंदाला पावणेदोनच्या आसपास लाटा येतात. दोन सप्तकं खाली, 110 ला, एक लाट सव्वादोन सेकंदांची होते. त्यात एक क्षण असा येतो की दोन्ही मूळ सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

हे मी लालबागला, गणपतीच्या मिरवणुकीत, बँजो पार्टीसोबत कीबोर्ड वाजवताना शिकलो. घरी हेडफोनवर एक ऑसिलेटर डाव्या कानात, दुसरा उजव्या, बेस (खर्जाचा आवाज) एकदम झकास. टेम्पोवरचे स्पीकर मोनो, म्हणजे डावा-उजवा सगळा आवाज एकच. दोन्ही एकत्र आले आणि लांबवलेला बेस मधूनच गायब व्हायला लागला. मी दोनदा वायर बदलली. ढोलकीवाला माझ्याकडे बघतोय, मी वायरकडे.

तेव्हापासून बेसला एकच ऑसिलेटर. फारच बारीक वाटला तर दुसरा एक सप्तक वर, पहिल्याच्या निम्म्या आवाजात. लीडला (मुख्य धून वाजवणाऱ्या आवाजाला) 5 ते 8 सेंट पुष्कळ झाले. 20 च्या पुढे गेलात तर गाणारा सूर कुठे लावणार? आणि आवाज सेव्ह करण्याआधी एकदा मोनोत ऐकाच, सूर दहा सेकंद दाबून धरून. तुकड्या-तुकड्यांत वाजवलंत तर खड्डा सापडणारच नाही.

मग फिल्टर हवा तेवढा मिटा, कोरस परत लावा.