एकट्या राहणाऱ्या आईच्या घराची सुरक्षा: खरेदीआधीची तयारी

यादीची सुरुवात मुख्य दारापासून करा. आई रात्री दार आतून कसं बंद करते, ते तिला प्रत्यक्ष करायला सांगून शेजारी उभं राहून बघा. जुन्या सोसायट्यांत बहुतेक वेळा नाइट लॅच, वर एक कडी, खाली एक कडी, मधे साखळी आणि बाहेरच्या जाळीच्या सेफ्टी डोअरला आतून कुलूप असा बंदोबस्त असतो. चोराला तो पुरेसा आहे. पण आई पहाटे तीन वाजता स्वयंपाकघरात पडली, तर हातात चावी असलेली शेजारीणही आत येऊ शकत नाही, आणि दार फोडण्यात मोलाची वेळ जाते. म्हणून एकट्या माणसाच्या घरासाठी प्रत्येक वस्तू निवडताना दोन प्रश्न सोबत विचारायचे: परका माणूस आत येऊ शकेल का, आणि मदतीचा माणूस दोन मिनिटांत येऊ शकेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दारात मिळेपर्यंत कॅमेऱ्याचे दर विचारत बसू नका.

मुख्य दाराला आतून मूठ आणि बाहेरून चावी असलेलं, जाड पट्ट्या चौकटीत खोल जाणारं कुलूप बसवा. दोन्ही बाजूंनी चावी लागणारं कुलूप टाळा. आतून चावी लावून तशीच ठेवायची सवय बहुतेकांना असते आणि अशा बऱ्याच कुलपांत मग बाहेरची चावी आत शिरतच नाही. शिवाय आग लागली तर चावी शोधण्यात आईच अडकते. नाइट लॅच असेल तर आतल्या बाजूला छोटा खटका आहे का पाहा. तो सरकवला की बाहेरची चावी फिरत नाही, आणि ही गोष्ट घरातल्या कुणाला माहीत नसते. वरच्या-खालच्या कड्या काढून टाकायला आई तयार होणार नाही. तेव्हा आधी नवं कुलूप बसवा, ते किती भक्कम आहे हे तिला पटू द्या आणि मग कड्या फक्त घरात दुसरं कुणी मुक्कामाला असताना लावायच्या असं ठरवा. साखळी दिवसा, अनोळखी माणसाशी बोलण्यापुरती ठेवावी. जाळीच्या दरवाज्याचं कुलूपही बाहेरून चावीने उघडणारं हवं, नाहीतर आतल्या दाराचा सगळा खर्च फुकट जातो.

डिजिटल लॉकचा मोह होतो, आणि ते वाईट नाही. दूरवरून शेजाऱ्याला तात्पुरता पासवर्ड देता येतो, ही त्याची खरी सोय. पण वयानुसार बोटांवरच्या रेषा झिजतात, त्वचा कोरडी पडते आणि ठसा उमटत नाही. म्हणून विकत घेण्याआधी दुकानात आईच्याच बोटाने दहा वेळा उघडून बघा. बाहेरून साधी चावी लागण्याची सोय नसलेलं मॉडेल घेऊ नका. दार लागताच आपोआप कुलूप पडणारी सेटिंग बंद ठेवा, कारण कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आलेली आई मागे दार लागून जिन्यात अडकते. बॅटऱ्या संपत आल्याची सूचना येते, पण ती आईला ऐकू येईल असं धरू नका. दर सहा महिन्यांनी सगळ्या बॅटऱ्या एकदम बदलाव्यात.

बाथरूमचं दार ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. आतली कडी काढा आणि बाहेरून नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवून उघडता येणारा लॅच लावा. दार आत उघडणारं असेल, तर पडलेल्या माणसाच्या अंगावर ते अडतं आणि ढकलताही येत नाही. सुताराकडून ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या. दोन दिवसांचं काम आहे, आणि कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा उपयोगाचं. खिडक्यांच्या ग्रिलमध्ये निदान एका ठिकाणी उघडणारी झडप असावी, तिची चावी आतल्या खुंटीवर.

मग माणसं. उपकरण फक्त हाक मारतं, धावतो माणूस. तीन जण पक्के करा: त्याच मजल्यावरचं किंवा वरखालचं एक कुटुंब, पंधरा मिनिटांत पोहोचेल असा एक नातेवाईक किंवा जुना स्नेही, आणि सोसायटीतला एखादा तरुण जो जिन्यावरून माणूस उतरवायला हात देऊ शकेल. तिघांना आधी विचारा, त्यांच्याकडून होकार घ्या. चावीचे चार संच बनवा आणि किल्लीवर फ्लॅट नंबर लिहू नका. वॉचमनच्या केबिनमध्ये चावी ठेवू नका, तिथे माणसं बदलत राहतात. स्थानिक पोलीस ठाण्यात आईची नोंद करा. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे महाराष्ट्राचे २०१० चे नियम यांनुसार ठाण्याने हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते. अर्जाची पोच मागून घ्या.

मुलं परदेशात असतील तर आणखी एक काम. ११२ (पोलीस, आणीबाणी) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे क्रमांक भारतातूनच लागतात. न्यू जर्सीतून ११२ फिरवला तर पुण्याचा पोलीस उचलणार नाही. म्हणून पोलीस ठाण्याचा, जवळच्या दोन रुग्णालयांचा आणि एका खासगी रुग्णवाहिकेचा पूर्ण क्रमांक +९१ आणि एसटीडी कोडसह फोनमध्ये घाला, आणि तो तिथून खरंच लागतो का, हे एकदा लावून पाहा. पत्ता मराठीत लिहून ठेवा, जवळच्या खुणेसह, मजला आणि लिफ्ट आहे की नाही यासह. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावत नसेल तर तेही लिहा.

आता आणीबाणीचं बटण. ते गळ्यात किंवा मनगटावर घालायचं घ्या, पाणी आत न शिरणारं, कारण आंघोळीच्या वेळी काढून ठेवलेलं बटण नेमकं तिथेच उपयोगी पडलं असतं. भिंतीवरचं बटण चार फुटांवर लावलं तर जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिथे पोहोचत नाही. बाथरूममध्ये आणि पलंगाशेजारी ते जमिनीपासून फूटभर उंचीवर असावं, किंवा त्याला जमिनीपर्यंत येणारी दोरी असावी. कामवाली फरशी पुसताना ती दोरी वर अडकवून ठेवते, हे तिच्याशी बोलून ठेवा.

ही बटणं दोन प्रकारची. एक घरच्या वायफायवरून मोबाइलच्या ॲपला कळवतं, दुसरं घरात बसवलेल्या, सिमकार्ड असलेल्या डब्यामार्फत (पॅनेल) ठरावीक नंबरांना ओळीने फोन लावतं. आमचा कौल सिमच्या बाजूने आहे, कारण वीज गेली आणि वायफाय पडलं तरी पॅनेलच्या आतल्या बॅटरीवर फोन जातो. पण घेण्यापूर्वी ते ४जीवर चालतं का ते विचारा. फक्त २जीवर चालणाऱ्या स्वस्त पॅनेलमध्ये जिओचं सिम चालणार नाही. रिचार्ज संपलेलं सिम हे या पॅनेलचं सगळ्यात मोठं दुखणं. महिनोन्‌महिने न वापरलेलं सिम कंपनी बंदही करते. वर्षाचा रिचार्ज एकदम करा आणि संपायची तारीख तुमच्या कॅलेंडरमध्ये टाका, आईच्या नाही. पॅनेलचा नंबर तिन्ही माणसांच्या फोनमध्ये ‘आई धोका’ अशा नावाने साठवा, नाहीतर तो अनोळखी म्हणून कापला जातो. रात्री फोन सायलेंट असतानाही या नंबरची रिंग वाजेल अशी सूट सेटिंगमध्ये द्या. ही एक गोष्ट राहून गेली तर बाकीचं सगळं असून नसल्यासारखं.

पडल्याचं आपोआप ओळखणारी घड्याळं चांगली आहेत, पण ती बहुतेक रोज चार्ज करावी लागतात आणि हळूहळू भिंतीला टेकत खाली बसलेलं माणूस त्यांना पडलेलं वाटत नाही. आई आधीपासून स्मार्ट घड्याळ वापरत असेल तर जरूर चालू करा. नसेल तर बटणच बरं.

दारावरच्या घंटेबद्दल थोडं. वयाबरोबर आधी उंच, किणकिणणारे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे जाड, खालच्या पट्टीतला आवाज असलेली घंटा घ्या, आणि दुसरा भोंगा झोपायच्या खोलीत लावा. पीपहोल आईच्या डोळ्यांच्या आजच्या उंचीवर हवं. वीस वर्षांपूर्वी पाडलेल्या भोकापर्यंत पोहोचायला तिला आता टाचा उंचवाव्या लागत असतील. व्हिडिओ डोअर फोन घ्यायचा तर पडदा सात इंचांचा घ्या आणि तो ती दिवसभर बसते त्या जागेजवळ लावा. दारापर्यंत चालत जाऊन मगच दिसणारा चेहरा काय कामाचा!

कॅमेरा शेवटी घ्या आणि मोजका घ्या. एक दाराबाहेरच्या पॅसेजकडे, एक आतून मुख्य दार आणि बैठकीची खोली दिसेल असा. झोपायच्या खोलीत आणि बाथरूममध्ये नाही. आईची परवानगी घ्या, आणि चित्र कोणकोण बघणार तेही तिला सांगा. नाहीतर ती त्यावर टॉवेल टाकेल, आणि ते बरोबरच असेल. बाहेरच्या कॅमेऱ्यात समोरच्यांच्या घराचं आतलं दिसू देऊ नका, सोसायटीलाही आधी कळवा. खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि नोंदणी क्रमांक तपासा. बरेच वायफाय कॅमेरे वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या बँडवर चालतात, म्हणून राउटरवर त्या बँडला वेगळं नाव द्या, म्हणजे जोडताना घोळ होत नाही. सतत रेकॉर्डिंगला दिवसाला साधारण १० ते १६ जीबी लागतात. १२८ जीबीच्या मेमरी कार्डात आठवड्या-दीड आठवड्याचं मावतं, पुढे जुनं पुसलं जातं. कार्ड सततच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेलंच घ्या, साधं कार्ड लवकर दगा देतं.

कॅमेरा जाळीच्या दरवाज्याआड किंवा काचेमागे ठेवला तर रात्री त्याचाच अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश परत येतो आणि चित्र पांढरंफटक पडतं. दिव्याजवळ लावला तर पाली आणि कोळ्याची जाळी रात्रभर सूचना पाठवत राहतात, आणि चौथ्या दिवशी तुम्ही सूचनाच बंद करता. कॅमेऱ्याची वायर दारातून जमिनीवरून आणू नका, तिलाच अडखळून आई पडेल. तंत्रज्ञ ॲपमध्ये स्वतःचा मोबाइल नंबर घालून खातं उघडतो, तसं होऊ देऊ नका. खातं तुमच्या नावावर, कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदललेला, दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत मोबाइलवर येणारा कोडही) चालू.

राउटरला मिनी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर तो चालू ठेवणारी छोटी बॅटरी, हवाच. आधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं. फायबरचं वेगळं डबडं असेल तर त्यालाही बॅकअप लागतो, हे दुकानदार सांगत नाही. साधारण दोन ते चार तास निघतात.

आई ठीक असल्याची रोजची खूण ठरवा. दाराला चुंबकाचा छोटा सेन्सर लावून ‘सकाळी नऊपर्यंत दार उघडलं नाही तर कळव’ असा नियम ॲपमध्ये बसवता येतो. त्याहून सोपं म्हणजे दुधाची पिशवी: आठनंतरही ती दाराशीच दिसली तर घंटा वाजवायची आणि दार उघडलं नाही तर फोन करायचा, असं दूधवाल्याशी आणि शेजाऱ्यांशी बोलून ठेवा. दोन्ही करा.

गॅस. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गळतीचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभरात. पाइपचा गॅस हलका, म्हणून तिथे तो छताजवळ. उलट लावलेला डिटेक्टर वेळेवर वाजत नाही. लाल-केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला. एलपीजी गळतीसाठी १९०६. बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गीझर असेल तर तो काढून बाहेर, मोकळ्या हवेत लावा किंवा विजेचा घ्या. बंद बाथरूममध्ये त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघा. पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचालीने लागणारे दोन-तीन मंद दिवे.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, घरात महिन्याच्या खर्चापुरती रोकड. नव्या कामवालीची आणि मदतनिसाची पोलीस पडताळणी कामाला येण्याआधी. आणि फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहा: पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, अशा फोनवर बोलणं थांबवायचं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं. त्याच कागदावर ११२, १०८, तिघांची नावं-नंबर आणि आईची औषधं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन माहिती आणि सल्ल्यासाठी आहे, ती वेगळ्या ओळीत लिहा म्हणजे घाईत गोंधळ नको.

सगळं बसवून झालं की तंत्रज्ञाचे उरलेले पैसे देण्याआधी चाचणी घ्या. मेन स्विच बंद करा. आईला बाथरूममध्ये बसायला सांगा आणि बटण दाबू द्या. पहिल्या माणसाचा फोन मुद्दाम बंद ठेवा आणि दुसऱ्याला कॉल जातो का पाहा. शेजारीण चावी घेऊन निघाल्यापासून आत येईपर्यंत किती मिनिटं लागली ते घड्याळात बघा. दोनपेक्षा जास्त लागली तर कुठे अडलं ते शोधा. बहुतेक वेळा जाळीच्या दरवाज्याचीच चावी जुन्या जुडग्यात राहिलेली असते. ११२ मात्र चाचणीसाठी लावू नका. हीच चाचणी पुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या चहानंतर. त्या दिवशी सिमची वैधता, बटणाची बॅटरी, कॅमेऱ्यातली तारीख-वेळ आणि शेजारणीकडची चावी या चार गोष्टी बघून कागदावर खूण करायची.