चवथीला घरी जाल तेव्हा थोरल्यांच्या फोनची तारीख बघा

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही सगळे गोव्यात साखळी गावाजवळच्या मूळ घरी जमतो. पहिल्या दिवशीचं जेवण आटोपलं की दुपारी दोनेक तास मोकळे मिळतात. गेली काही वर्षं त्या वेळात मी घरातले सगळे फोन गोळा करून माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या मांडवीखाली, बसतो. सुरुवात मावशीच्या फोनपासून झाली. तिच्या फोनवर कित्येक महिने अपडेटची सूचना येत होती आणि ती दर वेळी 'लेटर' दाबत होती. विचारलं तर म्हणाली, "एकदा केलं होतं रे, फोन जड झाला. आणि आत नातीचे फोटो आहेत." तिची भीती खरी होती. पण पेन्शन जमा होते त्या बँकेचं अ‍ॅप त्याच फोनवर होतं आणि मासळीवालीचे पैसेही ती त्यावरूनच द्यायची.

आधी तारीख बघा

आपला फोन अँड्रॉइड १३ आहे की १५, हे लोक आधी सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती सुरक्षा अपडेटची तारीख. सेटिंग्जमध्ये बहुतेक फोनांत अगदी खाली 'अबाउट फोन' असतं. त्यात 'अँड्रॉइड व्हर्जन' किंवा 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन' उघडा आणि 'सिक्युरिटी अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच' ही ओळ शोधा. तिथे बहुधा एखाद्या महिन्याची १ किंवा ५ तारीख दिसेल. त्या तारखेपर्यंत जाहीर झालेल्या त्रुटी तुमच्या फोनात दुरुस्त झाल्या आहेत, असा तिचा अर्थ.

जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमधली 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी उघड झाली. नुसता एक व्हिडिओ मेसेज पाठवून दुसऱ्याच्या फोनात शिरता येत होतं, काही फोनांत तर तो मेसेज उघडावाही लागत नव्हता. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगल अशा त्रुटींची आणि त्यांच्या दुरुस्तीची माहिती नियमित प्रसिद्ध करू लागलं.

मुद्दा इथेच आहे. ही माहिती सगळ्यांसाठी खुली असते, म्हणजे चोरही ती वाचतात. कुलूप कुठे कच्चं आहे ते गावभर झालं आणि आपण मात्र ते बदललं नाही, अशी आपली गत होते. संगणकांच्या बाबतीत हे जगाने पाहिलं आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका त्रुटीची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. १२ मेला वॉनाक्राय हा संगणकातल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो तीच त्रुटी वापरून. ब्रिटनमधल्या इस्पितळांचं काम ठप्प झालं. दुरुस्ती जवळपास दोन महिने हाताशी होती, पण असंख्य संगणकांवर ती घातलेलीच नव्हती.

माझा हिशोब साधा आहे. तारीख तीन महिन्यांहून जुनी असेल तर त्याच दिवशी अपडेट शोधायचं.

फोटो आधी सुरक्षित करा

अपडेटमुळे सहसा काही पुसलं जात नाही, तरी बॅकअपशिवाय मी कुणाच्या फोनला हात लावत नाही. फोटो गूगल फोटोजवर चढवा किंवा केबल लावून लॅपटॉपवर उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो: त्याच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स', मग 'चॅट बॅकअप'. गूगल खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते आणि ती लवकर भरते, म्हणून सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ आधी काढून टाका. फोनातही काही जीबी मोकळे हवेत.

मग अपडेट

चवथ पावसात येते आणि आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. फोन निम्म्याहून जास्त चार्ज करूनच सुरुवात करा. वायफाय नसेल तर घरातल्या कुणाचा तरी हॉटस्पॉट घ्या.

सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' किंवा थेट 'सॉफ्टवेअर अपडेट' उघडा, डाउनलोड होऊ द्या, फोन रीस्टार्ट करा. आणि लगेच पुन्हा तिथेच जाऊन तपासा. बरेच दिवस रखडलेल्या फोनात अपडेट एकामागून एक येतात. पहिल्यावरच थांबलात तर तारीख जुनीच राहते. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनांत 'गूगल प्ले सिस्टीम अपडेट' ही ओळही असते, तीही दाबा. आयफोनात 'जनरल', मग 'सॉफ्टवेअर अपडेट'. तिथे 'ऑटोमॅटिक अपडेट्स' चालू करून ठेवा.

मोठ्या अपडेटनंतर एकदोन दिवस फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते. आत अ‍ॅप्सची नव्याने जुळवाजुळव चाललेली असते. रात्रभर चार्जिंगला ठेवा. मावशीने पहिल्याच संध्याकाळी "जड झाला" म्हटलं होतं, ते बहुतेक हेच.

एक मात्र घरात सगळ्यांना बजावून सांगा: खरं अपडेट सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरमधून येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेच्या किंवा वाहतूक चलनाच्या नावाने आलेली एपीके फाइल (फोनात थेट अ‍ॅप बसवणारी फाइल) कधीही उघडू नये. चुकून उघडली आणि पैसे गेले, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

अपडेट येणंच बंद झालं असेल तर

कंपनी काही वर्षांनी हात काढून घेते. तारीख वर्षाहून जुनी आहे आणि नवीन काही येत नाही, अशा फोनवर बँक आणि यूपीआय ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. नवा घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याआधी विचारा, सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? गूगलचा पिक्सेल ८ आणि सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ यांना ७ वर्षांचा शब्द आहे, स्वस्त फोनांना बराच कमी. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात. म्हणून सणाच्या सवलतीत मिळणारं दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल घेताना तेवढी वर्षं वजा करा.

मावशीचा तो फोनही पुढे असाच संपला. यूपीआय, बँकेचं अ‍ॅप आणि तिचं गूगल खातं त्यातून काढलं, सिम नव्या फोनात गेलं. आता तो देवघराशेजारी असतो, आरत्या लावायला.