बोटीवरचा फ्रीज थंड होत नाही तेव्हा: नव्या मेकॅनिकांसाठी

औंधच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून बाहेर पडलेल्या मुलामुलींना बोटीवरचा फ्रीज पहिल्यांदा दिसतो तो बहुधा पुण्यातच, दुकानातल्या टेबलावर. मालक पुण्याचा, बोट कोकणात, आणि फ्रीज गाडीत टाकून ताम्हिणी घाटातून वर आणलेला. तक्रार ठरलेली: "थंड होत नाही, गॅस भरून द्या." टेबलावर शेजारच्या बॅटरीला जोडला की तोच फ्रीज झकास चालतो. "याला काही झालेलं नाही" म्हणून आपण तो परत देतो आणि दोन-चार दिवसांत पुन्हा फोन येतो.

कारण बिघाड बऱ्याचदा फ्रीजमध्ये नसतोच, बोटीत असतो. म्हणून जमेल तिथे फ्रीज वर मागवू नका, तुम्हीच घाट उतरा.

आधी घरगुती फ्रीजची सवय सोडावी लागते. तिथे २३० व्होल्ट, रिले, ओव्हरलोड. शंका आली की कॉम्प्रेसरला डायरेक्ट सप्लाय देऊन बघतो. इथे ते करायचं नाही. १२ किंवा २४ व्होल्टच्या डीसी फ्रीजमध्ये कॉम्प्रेसरला तीन पिना असतात आणि त्यांना सप्लाय देतं ते शेजारचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. बॅटरी थेट पिनांना लावली तर कॉम्प्रेसर कामातून जाऊ शकतो. मॉड्यूल काढून तिन्ही पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. कुठल्याही दोन पिनांत जवळपास सारखा आला तर वाइंडिंग ठीक समजा.

डॅनफॉसच्या, म्हणजे आता सेकॉप नावाने येणाऱ्या, बीडी ३५ आणि बीडी ५० या कॉम्प्रेसरच्या मॉड्यूलला 'प्लस' आणि 'डी' या टर्मिनलांमध्ये एक छोटा एलईडी लावता येतो. नसेल तर लावा, पुण्याच्या तापकीर गल्लीत असा एलईडी कुठेही मिळतो. तो ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा लुकलुकतो. एकदा म्हणजे व्होल्टेज कमी. दोनदा म्हणजे फॅन जास्त करंट ओढतोय. तीनदा म्हणजे मोटर सुरू होत नाही, चारदा म्हणजे लोडमुळे किमान वेग टिकत नाही, पाचदा म्हणजे मॉड्यूल तापलंय. बोटीवर मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेला इशारा एकदा लुकलुकण्याचा. त्यावर वेळ घालवा, वाया जाणार नाही.

एका बोटीवर तांडेलकाका ठामपणे सांगत होते, "ताई, बॅटरी नवी आहे, बघा." बॅटरीवर १२.५ व्होल्ट. मॉड्यूलच्या टर्मिनलवरही १२.५. इथेच नवा माणूस फसतो आणि वायरिंग चांगलं आहे असं धरून गॅसकडे वळतो. पण कॉम्प्रेसर बंद असताना वायरमधून करंटच जात नाही, मग व्होल्टेज पडणार कुठून? मीटरचे प्रोब मॉड्यूलवरच धरून ठेवले. कॉम्प्रेसर सुरू व्हायला गेला, आकडा झरकन १०च्या आसपास आला, कॉम्प्रेसर थांबला आणि आकडा परत १२.५. या मॉड्यूलचं १२ व्होल्टचं नेहमीचं सेटिंग असेल तर १०.४ला ते कट होतं आणि ११.७ झाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. फ्यूज होल्डरजवळ वायर सोलली तर आतलं तांबं हिरवं-काळं, बोटाने चोळलं की भुकटी. खारी हवा हे असं आतून खाते, बाहेरून इन्सुलेशन नवंकोरं दिसतं. जोड कापला, कलई केलेल्या तारेची जाड वायर बॅटरीपर्यंत नवी ओढली, लग नीट क्रिम्प करून वर चिकटणारी हीट श्रिंक चढवली. गॅसला हात लावावा लागला नाही.

जाडीचा हिशेब डोक्यात असू द्या. बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर १० मीटर. १ चौरस मिलिमीटर वायरमध्ये ५ अँपिअरला साधारण पाऊण ते एक व्होल्ट नुसता वाटेत जातो; ४ चौरस मिलिमीटरमध्ये पाव व्होल्टसुद्धा जात नाही.

व्होल्टेज ठीक असेल तर हवा बघा. कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, ज्या कप्प्यात असतो तिथेच लोक दोर, लाइफ जॅकेट, कांद्याची पोती कोंबतात. गरम हवेला बाहेर जायला वाट नसली की कॉम्प्रेसर अखंड चालतो आणि थंडावा मात्र येत नाही. कप्पा रिकामा करा, दार उघडं ठेवा आणि तासाभराने पुन्हा मोजा. पाण्याने गार होणारा कंडेन्सर असेल तर पंप आणि गाळणी आधी.

मग दाराचं गॅस्केट: नोट दारात अडकवून ओढा, सहज निसटली तर तिथून दमट हवा आत शिरते. समुद्रावर तीच हवा आतल्या थंड होणाऱ्या कॉइलवर बर्फाचा थर चढवते, आणि जाड थर झाला की थंडावा आतच कोंडतो. बर्फ स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. कॉइलला भोक पडलं की छोटं काम मोठं झालं.

गॅसचा संशय शेवटी. कॉम्प्रेसर नीट चालतोय, कंडेन्सर जेमतेम कोमट, आणि कॉइलवर फक्त सुरुवातीच्या भागात दव किंवा बर्फ, तर लीक शोधायला घ्या. थंडावा येतो, जातो, बंद ठेवून सुरू केला की परत येतो, असं असेल तर कॅपिलरीच्या, म्हणजे गॅस कॉइलकडे नेणाऱ्या बारीक नळीच्या, तोंडाशी ओल गोठतेय. ओल शोषणारा ड्रायर बदलून व्हॅक्यूम घ्यावाच लागेल. या सिस्टिममध्ये गॅस ग्रॅममध्ये मोजून भरतात. उगाच गेज लावलं की नळीत जाणारा थोडासा गॅससुद्धा जाणवतो. आणि आत कोणता गॅस आहे ते युनिटवरच्या प्लेटवर वाचा. आर १३४ए असेल तर ठीक. आर ६००ए असेल तर तो पेट घेणारा, शिवाय हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाशी साठून राहतो. केबिनमध्ये असं युनिट उघडायचंच नाही, बाहेर काढून मोकळ्या हवेत घ्यायचं.

पुण्यातून निघण्याआधी फोनवर एवढं विचारून घ्या: कॉम्प्रेसरचा मॉडेल नंबर, प्लेटचा फोटो, बॅटरी किती लांब, फ्रीज इंजिन चालू असताना चालतो की बंद असतानाही. इंजिन चालू असतानाच चालत असेल, तर संशय व्होल्टेजवर धरा; मीटर आणि वायरची रीळ बॅगेत सगळ्यात वर ठेवा.