नाशिकहून फोन घेऊन अमेरिकेला जाताय? आधी हे चेक करा

एमजी रोडवरून शाओमी किंवा विवो घेऊन मुलाला अमेरिकेला पाठवायचा विचार असेल तर जरा थांबा, कारण या कंपन्या तिथे फोन विकतच नाहीत. तिकडे बहुतेक लोक नेटवर्क कंपनीकडूनच हप्त्यावर फोन घेतात, त्यामुळे ती कंपनी पाठीशी नसली की धंदा अवघड. 2018 च्या जानेवारीत एटी अँड टी या तिथल्या नेटवर्क कंपनीने चिनी हुवावेचे फोन विकण्यातून ऐनवेळी माघार घेतली आणि हुवावेचं गणितच बिघडलं, वाईट वाटतं कारण फोन खरंच दमदार होते.

आता काय करायचं, दुकानातच डब्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, बघा किंवा डेमो पीसवर *#06# दाबा, आणि तिकडे जे सिम घेणार त्या कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून बघा. मग मॉडेलचे बँड, म्हणजे फोन कोणत्या फ्रिक्वेन्सी पकडतो ते, बघा, टी-मोबाइल या तिथल्या कंपनीचं सिम असेल तर 12 आणि 71 हवेतच, नाहीतर गावाबाहेर रेंज जाते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून कॉल लागायची सोय. 2022 मध्ये तिकडे थ्रीजी बंद झालं, त्यामुळे इथे जिओवर मस्त चालणाऱ्या फोनवर तिकडे नेट चालेल पण कॉल लागणारच नाही असं होऊ शकतं. दुकानदार म्हणेल सगळीकडे चालतो, ऐकू नका. साइटवर फोन चालेल असं नाही आलं तर तो फोन घेऊच नका, तिकडेच घ्यायला सांगा.