आधी संडास, मग मशीन

बेदाण्याच्या धंद्यात पडायचं म्हणून कुणी बाई माझ्याकडं आली की पहिल्यांदा विचारते, "ताई, ग्रेडिंगचं मशीन केवढ्याला बसतं?" मी उलट विचारते, "कामाला येणाऱ्या बायका लघवीला कुठं जाणार?"

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातली. अकरा वर्षं दुसऱ्याच्या शेडवर निवडणी केली. माल रॅकवरनं उतरला की पत्र्यापुढं बसायचं. काडी बाजूला, काळा मणी बाजूला, फुटका बाजूला. तासाभरात बोटं साखरेनं चिकट होतात, मग काडी नखाखाली शिरते आणि रात्री भाकरी थापताना ठणकतं. शेड माळावर, कुठं आडोसा नाही. म्हणून सकाळपासनं पाणीच प्यायचं नाही, दुपारी भाकरीबरोबर दोन घोट, बस्स. एका उन्हाळ्यात लघवीच्या जळजळीनं मी आठ दिवस अंथरुणात होते. मालकाला बोलले तर म्हणाला, "तीन महिन्यांचं काम, त्याला कशाला संडास?"

स्वतःचं सुरू केलं तेव्हा पहिला खर्च त्याचाच केला. अठ्ठावीस हजार गेले. सासूबाई म्हणाल्या, "बेदाणं विकणार हायस का संडास?"

असले खर्च "नफा झाला की बघू" म्हणून ठेवले की ते कधीच होत नाहीत. म्हणून ते किलोच्या दरातच धरायचे. समजा २०० रुपये किलोनं १०० किलो माल घेतला. काडी, कचरा, काळा मणी काढून हातात येतो ९३ किलो. म्हणजे खरेदीच पडली किलोला २१५. आमच्यात एक बाई दिवसाला २५ किलो निवडते आणि हजेरी ३७५ रुपये. १०० किलोला चार हजेऱ्या, त्या हातात आलेल्या ९३ किलोवर वाटल्या की किलोला १६ पडतात. पिशवी, लेबल, खोका १२. भाडं, वाहतूक आणि संडास-पाण्याचा खर्च मिळून ८. झाले २५१. आता याच्यावर स्वतःचा नफा लावा. व्यापारी २४५ ला मागतो तेव्हा आपला हात पहिल्यांदा हजेरीकडं जातो, तिथंच कापावंसं वाटतं. वहीत हजेरीचा आकडा मी लाल पेनानं लिहिते, हात थांबावा म्हणून.

नव्या बाईनं बेदाणा स्वतः करायच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची, रॅकवर पसरायची, पंधरा दिवस राखायची. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. त्यात अवकाळी आला तर रॅकसकट वर्ष गेलं. आधी निवडणी आणि पॅकिंग जमवा.

खरेदीत मीही फसलेय. पहिल्या वर्षी हिरवागार, टपोरा माल बघून भुलले, सहाशे किलो उचलला. जुलैत खोकी उघडली तर आंबूस वास, खाली सगळं गोळा. ओलं वजन विकत घेतलं होतं मी! बेदाण्यात ओल साधारण १५ टक्क्यांच्या आसपास हवी. मीटर नसेल तर मूठभर बेदाणा घट्ट दाबा आणि हात उघडा. मणी आपोआप सुटे झाले तर घ्या, लाडू तसाच राहिला तर पुढच्या शेडवर जा. खोक्याच्या वरचा नाही, तळातला मूठभर.

शेतकऱ्याकडनं घेताना मी शेडवरच घेते. सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, मी बघितलंय, खोकं फोडायचं, मूठ भरायची, दोन मणी तोंडात टाकायचे आणि बाकीचे उधळायचे. सौदा संपेपर्यंत पायाखाली बेदाण्याचा सडा. माझ्याकडं एका मुठीचंही वजन होतं आणि तेवढे पैसे लागतात. चार रुपये जास्त देऊनही मला परवडतं, कारण तोच शेतकरी पुढच्या वर्षी चांगला लॉट आधी मला दाखवतो.

पैशाचं म्हणाल तर, व्यापाऱ्याकडनं पेमेंट यायला महिना-दीड महिना सहज जातो, हजेरी मात्र शनिवारी द्यायची असते. मी दोन महिन्यांची हजेरी वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय खरेदीला हात घालत नाही. सुरुवातीला ते पैसे बचत गटातनं उचलले. बँकेत कर्जाला गेले तर साहेबांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "मिस्टर नाही आले?" दुसऱ्या दिवशी मी हजेरीची, खरेदीची आणि उधारीची अशा तिन्ही वह्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, मिस्टरांना यातलं काही सांगता यायचं नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हांनी बायकांची माणदेशी बँक काढली. तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं बायका निरक्षर म्हणून नाकारला होता. त्या व्याजाचे हिशोब शिकून परत गेल्या. तेव्हा वही नीट ठेवा, अक्षर कसंही असू दे.

कागदांचं फार मनावर घेऊ नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट होते, कुणी पैसे मागितले तर उठून या. खाद्य परवान्याची साधी नोंदणी मी काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. सगळं स्वतःच्या नावावर, बँक खातंसुद्धा. लेबलवर वजन, किंमत, तारीख, बॅच, परवाना नंबर, हिरवा ठिपका लागतो. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते, तेव्हा सल्फाइट लिहायलाच लागतं, काहींना त्याचा त्रास होतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते पाकिटावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद असावी लागते. नुसतं छापू नका.

आणि प्रत्येक लॉटमधला शंभर ग्रॅम माल बरणीत ठेवा. बरणीवर तारीख आणि निवडणाऱ्या बाईचं नाव. गेल्या दिवाळीत पुण्याहून एका ग्राहकाचा फोन आला, पाकिटात काड्या निघाल्या म्हणून. बायकांसमोर बरणी उघडली, तीन काड्या निघाल्या. बरणीवर नाव माझं होतं. त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता.